मागच्या चाकाची खूण

तुम्ही कधी आपल्याच सायकलीच्या चाकांची खूण बघत, आल्या वाटेने परत चालत गेला आहात का?

मेमे अंगरुप यांनी इंद्रजितला हेच विचारलं, तेव्हा तो हसला.

"मेमे, मागे बघून सायकल चालवली तर माणूस पडतो."

"चालवताना नाही म्हणत मी. पोचल्यावर."

"पोचल्यावर कशाला? पोचलो की झालं."

"हं..." मेमे म्हणाले, आणि फावड्याच्या दांड्यात पाचर ठोकत राहिले.

मेमे म्हणजे तिकडच्या बोलीत आजोबा. हिमाचलातल्या एका उंच खोऱ्यात, रोंगछू नावाच्या सतरा घरांच्या गावात ते राहत. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणापासून एकतीस वर्षं त्यांनी या खोऱ्यात टपाल वाटलं. लोखंडी काळी सायकल, पाठीवर थैली, आणि वाट सगळी खडीची आणि गोट्यांची.

आता गावाने त्यांच्याकडे पाटाची राखण दिली होती. वर बर्फ वितळतं, ते पाणी डोंगराच्या कडेकडेने मातीच्या पाटातून गावात येतं आणि पाळीने एकेका शेताला मिळतं. एकदा पाळी झाली की पुढची नऊ दिवसांनी. ती कधी सुरू झाली आणि कधी संपली, हे मेमे सांगत. त्यावर कुणी वाद घालत नसे.

इंद्रजित डुंबरे ओतूरचा. शेतकऱ्याच्या घरातला, पण गेली आठ वर्षं पुण्यात नोकरीला. त्याची सायकल खास अशाच वाटांसाठी घेतलेली होती. खाली वळलेलं हँडल, रुंद टायर, टायरला दात. चार दिवसांनी त्या खोऱ्यात खडीच्या वाटांवरची शर्यत होती. ओतूर-नारायणगावकडचे नऊ जण त्याच्याबरोबर आले होते आणि तो त्यांचा म्होरक्या होता. मागच्या वर्षी याच शर्यतीत तो गोट्यांच्या उतारावर घसरला होता. गळ्याजवळचं हाड मोडलं. सगळा चमू मागे पडला.

यंदा तसं होऊ द्यायचं नव्हतं.

नवांना खिंडीतल्या ढाब्यावर विसावा घ्यायला ठेवून तो एकटाच खाली आला होता. ढाबेवाल्याने सांगितलं होतं, खाली रोंगछूत एक म्हातारा टपालवाला आहे. एकतीस वर्षं या वाटेवर सायकल चालवली, पण एक पत्र भिजू दिलं नाही.

म्हणून तो दुपारी दीडच्या सुमारास मेमेंच्या अंगणात येऊन बसला होता. बोलणं हिंदीतून चाललं होतं. दोघांचीही हिंदी सारखीच मोडकी असल्यामुळे दोघांनाही एकमेकांचं नीट समजत होतं.

"मेमे, तुम्ही एकदाही पडला नाहीत म्हणे."

"कोण म्हणालं?"

"ढाबेवाला. तो म्हणाला, एकही पत्र भिजलं नाही."

"पत्र भिजलं नाही हे खरं." मेमेंनी पाचर हलवून बघितली. "मी भिजलो."

"म्हणजे पडलात?"

"पुष्कळ."

"किती वेळा?"

"पहिल्या वर्षी मोजत होतो. मग मोजत बसलं की टपाल उशिरा पोचायचं. सोडून दिलं."

इंद्रजितला वाटलं, म्हातारा हातचं राखून बोलतोय. तो थोडा पुढे सरकला.

"मला तुमच्याकडून शिकायचंय. खडीवर लाइन कशी निवडायची ते. कुठून चाक घालायचं, कुठून नाही. बाकी मला येतं."

"बाकी येतं?"

"येतं. आज बघायला हवं होतं तुम्ही. मी रस्त्याने आलोच नाही. रस्ता नऊ वळणं घेतो. मी ढाब्याच्या मागून डोंगराच्या उतारावरून सरळ खाली आलो. अख्खा उतार. एकदाही पाय टेकला नाही."

"एकदाही नाही?"

"एकदाही नाही."

मेमेंचा हात पाचरीवर क्षणभर थांबला. त्याच्याकडे नीट बघितलं. तेव्हाच त्यांनी विचारलं, की कधी आपल्याच चाकांची खूण बघत परत गेला आहेस का...

इंद्रजित हसला. पुढचं बोलणं मी वर सांगितलंच आहे.

एक मात्र त्याने मेमेंना सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलंच नाही. गावात शिरण्याआधी, वरच्या प्रार्थनेच्या झेंड्यापाशी फोनला जरा रेंज मिळते. तिथे थांबून त्याने आपण आलो ती वाट, फोनवर नोंदली गेलेली, वरच्या नवांना पाठवून दिली होती. खाली लिहिलं होतं, 'उद्या सकाळी याच लाइनने या. पाय टेकला तो चहा पाजणार.'

तेवढ्यात फाटकातून एक बाई आत आली. पन्नाशीची, डोक्याला रुमाल, हातात फावडं, पाय गुडघ्यापर्यंत कोरडे. ते कोरडे पाय बघूनच मेमे उठून उभे राहिले.

"मेमे, झोपलात का?"

"काय झालं, छोदोन?"

"पाणी कुठाय? दुपारपासून माझी पाळी. पहिल्या दोन सऱ्या भिजल्या आणि पाणी बंद. पाटात नुसता चिखल. मला वाटलं वर कुणी चोरलं. वर बघून आले, वर कुणाची पाळीच नाही."

"वर म्हणजे कुठपर्यंत गेलीस?"

"गोम्पाच्या वळणापर्यंत. मठाच्या पुढे चढायला दम नाही राहिला." तिने रुमालाने तोंड पुसलं. "मटार फुलावर आलाय, मेमे. आज चुकलं तर नऊ दिवस. नऊ दिवसांनी मी तिथे फुलं बघायला जाऊ की काड्या गोळा करायला?"

मेमेंनी आभाळाकडे बघितलं नाही, घड्याळाकडेही नाही. त्यांनी गावाच्या टोकाला असलेल्या पांढऱ्या दगडाकडे बघितलं. चुन्याने रंगवलेला, माणसाच्या कमरेइतका उंच. पश्चिमेच्या डोंगराची सावली त्या दगडाला लागली की दुपारची पाळी संपते आणि संध्याकाळची सुरू होते. दगड अजून लख्ख उन्हात होता.

"तू शेतावर थांब," ते म्हणाले. "पाणी येईल."

"कधी?"

"तू थांब तर."

छोदोनने जाता जाता इंद्रजितच्या सायकलकडे बघितलं. टायरच्या दातांत ओला चिखल बसला होता. त्या कोरड्या खोऱ्यात ओला चिखल एकाच जागी मिळतो. पण ती घाईत होती. तशीच शेताकडे गेली.

मेमेंनी तो आधीच बघितला होता.

"चल," ते इंद्रजितला म्हणाले. "लाइन शिकायचीय ना? तुझी आपण बघू."

इंद्रजित आनंदाने उठला. "सायकल घेऊ?"

"सायकलने खूण केली. आता तिला बसू दे."

दोघं चढ चढू लागले. मेमे पुढे, फावडं खांद्यावर. उतारावर बारीक खडी होती, मधे मधे तांबूस माती, आणि त्यात इंद्रजितच्या टायरची खूण स्पष्ट उमटली होती. मेमे मधेच थांबत, वाकत, पुन्हा चालू लागत.

"हे वळण छान घेतलंस."

"थँक्यू."

"इथे तुला आनंद झाला."

"कशावरून?"

"रेघ बघ की. उगाच नागमोडी. कारण काही नाही."

इंद्रजितला खरोखर आठवलं. तिथे तो गाणं म्हणत होता.

"आणि इथे घाबरलास."

"मी? नाही हो."

"माती पुढे ढकलली गेलीय. ब्रेक दाबलास. त्या मोठ्या दगडाला घाबरलास आणि त्याच्याकडेच बघत राहिलास. म्हणून त्याच्या जवळून गेलास. अंगठाभर अंतराने."

इंद्रजितने ते अंतर बोटांनी मोजून बघितलं. अंगठाभरच होतं.

"मेमे, तुम्हाला हे सगळं कसं वाचता येतं?"

"एकतीस वर्षं टपालात होतो. पत्र न फोडता वाचायची सवय."

इंद्रजित मोठ्याने हसला. त्याला वाटलं, हेच ते. यासाठीच आपण आलो. मागच्या वर्षी आपण कसे पडलो तेही आता कळेल. तो भराभर चढू लागला, मेमेंच्याही पुढे. आता त्यालाच खूण शोधायची घाई झाली होती. इथून आलो, इथे उजवीकडे, इथे हा पाण्याचा लहानसा ओहळ आला आणि मी...

तो थांबला.

मेमे मागून हळूहळू आले आणि त्याच्या शेजारी उभे राहिले.

समोर पाट होता. दीड हात रुंद. डोंगराच्या कडेने आडवा गेलेला. उताराकडच्या बाजूला मातीचा वीतभर काठ. पण त्यांच्या समोर तो काठ नव्हता. तिथे हातभर भगदाड पडलं होतं आणि पाटातलं सगळं पाणी त्यातून बाहेर पडून खडीवरून घळीत, घळीतून थेट खाली नदीला चाललं होतं. पुढे पाट कोरडा. तळाला चिखल चमकत होता.

भगदाडाच्या एका बाजूला काठावर अजून टायरच्या दातांची खूण होती. सहा दात. मोजून.

इंद्रजित त्या खुणेपाशी उकिडवा बसला.

"मी उडी मारली होती," इंद्रजित म्हणाला. "पाणी आहे हे दिसलं मला. पुढचं चाक उचललं मी, मेमे. मला चांगलं आठवतंय. काठाला लागू दिलं नाही."

"पुढचं उचललंस."

"हो."

"आणि मागचं?"

इंद्रजितने काठावरचे ते दात बोटाने चाचपले.

तो ज्या घरात वाढला तिथे सकाळी उठल्यावर कानावर पहिलं वाक्य पडायचं ते पाण्याचं. आज कुणाची पाळी, वीज किती वाजता येणार, दारं कोण धरणार. त्याची आई साडीचा काचा मारून चिखलात उभी राहून दारं धरायची. एक वाफा भरला की फावड्याने माती ओढून त्याचं दारं बंद, पुढच्याचं उघडं. लहानपणी त्याने पळताना एकदा दारं तुडवलं होतं, तेव्हा आईने त्याला ओल्या हातानेच फटका दिला होता. पाच बोटं चिखलाची, पाठीवर. आणि आज चाकाखाली पाट आला, तर त्याला फक्त एक अडथळा दिसला. ओलांडायचा. पाय न टेकता.

तो बूट काढू लागला. "मी आत उतरतो. पाण्याला आडवा उभा राहतो. तुम्ही माती टाका."

"राहू दे."

"नाही मेमे, माझ्यामुळे झालंय. मी अडवतो पाणी."

"तू अडवशील. मग संध्याकाळी निघून जाशील. आपल्याला काठ करायचाय, तुझा पुतळा नाही." मेमेंनी वर बोट दाखवलं. "वर वळणावर जा. तिथे एक चपटा दगड आहे. तो पाटाच्या तोंडाशी लाव. पाणी तोड. मग ये."

इंद्रजित पळत गेला. दगड लावला. पाणी पुन्हा मूळ ओढ्याकडे वळलं आणि भगदाड हळूहळू गळायचं थांबलं.

मग काम सुरू झालं. मेमे फावड्याने पाटाकाठचं गवत मुळांसकट चौकोनी कापून देत होते. इंद्रजित ते तुकडे एकावर एक रचत होता. एक थर गवताचा, वर चिखल, पुन्हा गवत. पहिले चार तुकडे त्याने उलटे लावले. मेमेंनी ते काढले आणि पुन्हा त्याच्या हातात दिले.

"मुळं खाली?" त्याने विचारलं.

"तुझ्याकडे गवत कसं उगवतं?"

"मुळं खाली," तो ओशाळून म्हणाला.

हात बर्फासारखे गार पडले होते. त्या उंचीवर वाकलं की धाप लागते. दोघंही मधे मधे थांबत. अशाच एका थांबण्यात इंद्रजितने विचारलं,

"मेमे, तुमच्या वाटेवर किती पाट लागायचे?"

"त्रेचाळीस."

"मग तुम्ही ते उडी मारून..."

"लोखंडी सायकल होती, बेटा. थैलीत लोकांची पत्रं. कुणाचा मुलगा फौजेत, कुणाची मुलगी लग्न होऊन गेलेली."

"मग?"

"उतरायचो. सायकल खांद्यावर घ्यायची, पाट ओलांडायचा, पुन्हा बसायचं."

"रोज?"

"जाताना त्रेचाळीस. येताना त्रेचाळीस."

इंद्रजितने मनातल्या मनात हिशोब केला आणि त्याला हसू आलं, थोडं रडूही. "मग तुम्ही सायकल चालवायचात तरी कधी?"

"मधल्या जागेत," मेमे म्हणाले.

काठ पूर्ण झाला. मेमेंनी त्यावरून चालून बघितलं. एका जागी टाच रुतली, तिथे आणखी एक तुकडा ठोकायला लावला. मग इंद्रजितने वर जाऊन दगड काढला. पाणी आलं. नव्या काठाला टेकून, मातकट होऊन, किंचित थांबल्यासारखं करून पुढे गेलं. काठ टिकला.

ते पाण्याच्या बरोबरीनेच खाली उतरले. पाणी पुढे जायचं, ते मागे. गोम्पाच्या वळणावर पाणी पुढे निघून गेलं आणि खालून छोदोनचा आवाज आला, "आलं! आलं!"

ते शेतावर पोचले तेव्हा ती सरीत उभी होती, गुडघ्यापर्यंत ओली. तिने इंद्रजितच्या चिखलाने भरलेल्या हातांकडे बघितलं, मग त्याच्या अनवाणी पायांकडे.

"काय फुटलं होतं वर?" तिने विचारलं.

मेमेंनी इंद्रजितकडे बघितलं. उत्तर दुसऱ्याने द्यायचं होतं.

"पाट," इंद्रजित म्हणाला. "माझ्या सायकलने फुटला. मी उडी मारली त्यावरून."

छोदोनने फावडं थांबवलं नाही. थांबवलं असतं तर पाणी वाया गेलं असतं.

"उडी मारलीस?"

"हो."

"का? पाट काही चावतो का?"

"नाही."

"मग?"

इंद्रजितने हाताचा चिखल पँटला पुसला.

"मी तीन वेळा माहेराहून सासरी त्याच वाटेने आले आहे," ती म्हणाली. "पाठीवर दरवेळी एक पोर. मी उडी नाही मारली." आणि मग पुढच्या सरीकडे वळता वळता, "उभा काय राहिलास? त्या टोकाला जा. तिथे पाणी फुटतंय. दारं धरता येतं का तुला?"

'दारं' म्हणायला तिने तिच्या बोलीतला वेगळाच शब्द वापरला होता. पण काय विचारलं ते इंद्रजितला न सांगता कळलं. तो टोकाला गेला आणि हातानेच माती ओढू लागला.

सरीमागून सरी भिजत गेली. छोदोनच्या शेतात सव्वीस सऱ्या. एकविसावी भिजली तेव्हा इंद्रजितने मान वर केली. डोंगराची सावली नदी ओलांडून गावात शिरली होती. बाविसावी. तेविसावी... आणि सावली पांढऱ्या दगडाला लागली.

छोदोननेही बघितलं. ती ताठ उभी राहिली. तिने फावडं चिखलात उभं रोवलं. गावाचा नियम तिला ठाऊक होता. तीन सऱ्या कोरड्या होत्या, पांढऱ्या फुलांनी भरलेल्या. आता पाणी दुसऱ्याचं.

इंद्रजित धावत मेमेंकडे गेला. मेमे बांधावर बसले होते, थर्मासमधला खारा चहा पीत. पांढऱ्या दगडाकडे त्यांची पाठ होती. मघाशी तर ते त्या दगडाकडेच तोंड करून बसले होते.

"मेमे, आता कुणाची पाळी?"

"माझी. अंधार पडेपर्यंत."

"मेमे, सावली दगडाला लागली."

"कुठल्या दगडाला?"

"त्या. पांढऱ्या. तुमच्या मागे."

"हो का?" मेमेंनी चहाचा घोट घेतला. "मला इथून दिसत नाही."

"मागे वळून बघा ना."

"तूच म्हणालास," मेमे म्हणाले, "मागे बघितलं तर माणूस पडतो."

इंद्रजित तिथेच उभा राहिला. मग परत सरीत उतरला. छोदोनने मेमेंच्या पाठीकडे एकदा बघितलं, डोळे पुसले की कपाळ पुसलं ते कळलं नाही, आणि फावडं उपसलं.

तीन सऱ्या भिजल्या. छोदोनने हाक मारली, "झालं, मेमे!"

तेव्हा मेमे वळले. "अरे," ते म्हणाले, "सावली आली की." आणि उठून आपल्या शेताकडे पाणी वळवायला गेले.

अंधार पडायला थोडाच वेळ होता. मेमेंच्या निम्म्या शेताला पाणी मिळालं. निम्मं कोरडं राहिलं. नऊ दिवस ते तसंच राहणार होतं.

इंद्रजित मात्र ते बघत उभा होता, आणि बघता बघता त्याला एकदम आठवलं.

"मेमे... मी ती वाट पाठवलीय."

"कुणाला?"

"वरच्या नवांना. ते उद्या सकाळी त्याच वाटेने येणार. मीच सांगितलंय. उडी मारून या, पाय टेकू नका."

मेमेंनी फावडं खाली टेकवलं. "टाकलेलं पत्र परत मागता येतं का तुमच्यात?"

"पुसून टाकता येतं. आत्ता जातो."

तो झेंड्यापर्यंत धावत चढला. वाट पुसली. पण नवांनी ती आधीच आपापल्या फोनमध्ये उतरवून घेतली होती. मग त्याने लिहिलं, 'मधे गावाचा पाट आहे. तिथे उतरा. सायकल उचलून घ्या. माझ्याकडून काठ फुटला.'

उत्तरं लगेच आली.

'दादा, तू न टेकता उतरलास, मग आम्हालाच का?'

'आमच्याकडून चहा उकळायला बघतोय हा!'

'एकट्यालाच भारी व्हायचंय व्हय? उद्या बघच आमची उडी.'

तो लिहीत राहिला. फोन करून बघितला. आवाज तुटत होता, पलीकडे नुसतं हसणं ऐकू येत होतं. नवांमध्ये एकही वाईट माणूस नव्हता. त्यांना उडी त्यानेच शिकवली होती. त्यांच्या जागी तो असता, तर तोही असाच हसला असता.

तो खाली आला तेव्हा मेमे अंगणात फावडं धूत होते.

"ऐकत नाहीत," इंद्रजित म्हणाला. "दुपारी मी जसा बोलत होतो ना, अगदी तसंच बोलतायत."

"हं."

"उद्या सकाळी छोदोनताईंच्या शेजारच्यांची पाळी आहे ना?"

"हो. दोन घरांची."

"नऊ सायकली, मेमे. एका चाकाने हातभर भगदाड पडलं..." त्याने वर खिंडीकडे बघितलं. "रस्त्याने वर जाऊन गाठू त्यांना? आत्ता निघालो तरी अंधारात नऊ वळणं. आणि गाठून तरी काय? फोनवर सांगितलं ते तोंडाने सांगणार. मी त्यांचा म्होरक्या आहे, पण माझा शब्द ते आता कुठल्या तोंडाने मानतील? मीच दिवसभर बढाया मारल्यात."

मेमेंनी फावडं भिंतीला टेकवून ठेवलं. पात्यावरून पाणी निथळत होतं.

"मला एकच सांगा," इंद्रजित म्हणाला. "उद्या मी त्यांना काय सांगू?"

मेमेंनी त्याच्या पायांकडे बघितलं. दुपारी काढलेले बूट अजून पाटाशीच राहिले होते. पायांवर चिखल सुकून पांढरा झाला होता.



"काही सांगू नकोस," मेमे म्हणाले. "पाण्यात उभा राहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला नऊ सायकली उतारावरून खाली आल्या. इंद्रजित त्यांच्या वाटेत, कालच्या नव्या काठापाशी, पाटात अनवाणी उभा होता, हातात मेमेंचं फावडं. पहिला ब्रेक दाबून सायकलवरून उतरला, मग दुसरा, आणि नऊही जणांनी सायकली खांद्यावर घेऊन पाट ओलांडला.